गौरवच्या हातचं सूत

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, पण सुरी म्हणून जन्मले नाही. आधी मी आरी होते. भिलाईच्या कारखान्यात गज कापायच्या यंत्रावर माझं लांबलचक पातं बसवलेलं होतं आणि दिवसभर मी लोखंडाचे चणे खात होते. एके दिवशी मधोमध मोडले आणि भंगाराच्या पेटीत जाऊन पडले. मोडलेल्या पात्यासाठी तिथे कोणी हळहळत नाही.

केवलराम नावाच्या फिटरने मला त्या पेटीतून उचललं. हा भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीच्या मागे इकडे आलेला आणि इकडचाच झालेला. साहेबाला विचारून त्याने माझा वीतभर तुकडा घरी नेला, दात घासून काढले, धार आणली आणि बाभळीची मूठ बसवून बायकोच्या हातात ठेवली.

"घे. जलमभर पुरन," तो म्हणाला.

त्याची बायको अन्नपूर्णा. तिने माझ्याकडून किती वांगी, किती कांदे चिरून घेतले त्याला सुमार नाही. बाजारातल्या चकचकीत सुऱ्या चार दिवसांत मान टाकत आणि शेजारच्या बायका मला मागायला येत. खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्वच चढला होता.

त्यांना एकच मुलगा, गौरव. मोठा झाला, वेल्डिंगच्या कामाला लागला आणि रविवार आला की मासे धरायला जाऊ लागला. गांडूळ नाही की कणकेची गोळी नाही. याचे सगळे नकली मासे. रबरी बेडूक, चांदीसारखे चमकणारे पत्रे, पोटाखाली गळ लावलेले लाल-निळे मासे. त्यांना तो ल्युअर म्हणायचा. त्यांचा एक डबाच त्याने भरला होता. आणि रिळावर गुंडाळलेलं हिरवं, विणलेलं सूत. दिसायला शिवणाच्या दोऱ्याएवढं, पण भारी चिवट. दाताने तुटत नव्हतं. घरची कात्री त्याला चावून चावून थकायची. तुटेपर्यंत ताणू नये असं तुम्ही माणसं म्हणता, पण हे सूत ताणून तुटणारं नव्हतंच. त्याला कापावंच लागे. म्हणून गौरवने मला आईकडून रविवारापुरतं मागून घेतलं.

नंदिनी गावाच्या बाजूला चुनखडीची एक जुनी खदान आहे. काम कधीचंच बंद पडलेलं, खड्डा पाण्याने भरलेला. काठ पांढरे आणि पाणी हिरवंगार. काठाशी दगडाची एक पायरी गुडघाभर पाण्यात आहे, तिच्या पुढे तळ नाही. गौरव तिथे एकाच खडकावर बसायचा. मासा लागला नाही तर जागा बदलायची नाही, ल्युअर बदलायचा, हा त्याचा नियम. दर वेळी जुनी गाठ कापायची आणि नवा मासा बांधायचा. पण कापताना नखाएवढंच सूत वाया जाऊ द्यायचा आणि तो तुकडाही खिशात घालायचा.

घरी येऊन तो आईला म्हणे, "आई, ही सुरी नाही, डॉक्टर आहे डॉक्टर. एकदम क्लीन कट!"

अशी तारीफ माझी पुन्हा कोणी केली नाही.

तो शेवटचा रविवार मला विसरता येत नाही. गौरव दारात उभा होता, हातात ल्युअरचा डबा. केवलराम नुकताच निवृत्त झाला होता आणि जरा चिडचिडाच झाला होता. गौरवने डबा त्याच्यापुढे धरला.

"बाबा, आज कौनसा लगाऊं? तुमी सांगा ना. तुमच्या हातचा लकी असन."

केवलरामने पेपरातून मानही वर केली नाही. "लाव कोणताबी. खेळणेच त हायेत."

गौरव हसला आणि निघाला. अन्नपूर्णा ओट्यावर कोथिंबीर चिरत होती, त्या नादात मी तिच्याच हातात राहिले. संध्याकाळी परत येताना एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. माणूस गेला. मासे धरायचा त्याचा रॉड मात्र कोणीतरी घरी आणून दिला. त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता.

त्यानंतर अन्नपूर्णाने मला फडताळात कोंबलं आणि बाजारातून एक प्लास्टिकच्या मुठीची सुरी आणली. माझ्या अंगावर गंज चढला. मला त्याचा राग नाही आला. मला पाहिलं की ती फडताळाचं दार लावून टाकायची, ते मी पाहत होते. रॉड गौरवच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. पंखा सुरू केला की त्या ताणलेल्या सुताला वारा लागायचा आणि ते बारीक आवाजात गुणगुणायचं. अन्नपूर्णा धावत येऊन पंखा बंद करायची. केवलराम पुन्हा सुरू करायचा.

मग एका रविवारी केवलरामने मला बाहेर काढलं, दगडावर घासून धार दिली, रॉड आणि डबा उचलला आणि खदानीवर गेला. त्याच खडकावर बसला.

मासे धरणं त्याला येत नव्हतं. त्याला मासे नकोही होते. डब्यातून एक ल्युअर काढायचा, सुताला बांधायचा, पाण्यात फेकायचा आणि हळूच विचारायचा, "हा का रे, बाबू?" सूत वाऱ्यावर गुणगुणलं की कान देऊन ऐकायचा. थोड्या वेळाने मान हलवायचा. "हा नाही? बरं. दुसरा लावतो." की आली माझी पाळी.

मित्रांनो, मी लोखंडाची. भूतखेत मला कळत नाही. पण त्या सुताला माझी धार टेकायची तेव्हा ते हातातल्या नाडीसारखं उडायचं, हे मी शपथेवर सांगते. मला भीती वाटायची. केवलरामला नाही वाटायची, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

गौरव नखाएवढं कापायचा. केवलरामची बोटं जाड, हातोडा धरून निबर झालेली. गाठ बसायची नाही, गुंता व्हायचा, मग तो हातभर सूत कापून टाकायचा. तुकडे काठावरच पडत. वारा ते उडवून बेशरमाच्या झुडपांवर नेई. काही दिवसांनी ती झुडपं हिरव्या सुतांनी भरली आणि वारा असो-नसो, त्यातलं एखादं हलतच असे.

हे नरहरीच्या लक्षात आलं. नरहरी केवलरामचा दोस्त, नागपूरकडचा, दुर्ग लाईनवर रेल्वेत नोकरी केलेला. गुडघे गेलेले, म्हणून खाली खडकावर न उतरता वरूनच बोलायचा.

"केवलराम, घडी घडी कावून कापून राहिला बाप्पा? सूत संपून जाईन! टोकाले क्लिप लाव, मंग नुसता ल्युअर बदलत राय. कापाचं कामच नाही."

"क्लिप नोको," केवलराम म्हणाला. "तो गाठ बांधे. मी गाठच बांधीन."

"अन् सूत संपल्यावर? दुकानात भेटते, नवं भरून घे."

"नवं त्याच्या हातचं नोहे ना."

तेव्हा मला कळलं की हे सूत रिळावर गौरवने स्वतः गुंडाळलेलं होतं. आणि केवलराम, जो त्याच्यासाठी जीव टाकत होता, तोच ते दर रविवारी हातभर कमी करत होता. मला हत्यार करून! मी ओरडून सांगितलं असतं, पण सुरीला तोंड नसतं, नुसती धारच असते.

एका रविवारी सुताच्या खालून पांढरं दिसू लागलं. विणलेलं सूत गुळगुळीत रिळावरून घसरतं, म्हणून गौरवने तळाशी आईच्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पहिली गाठ मारली होती. केवलरामने त्या पट्टीवर अंगठा ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. नरहरीने ते वरून पाहिलं आणि परस्पर जाऊन अन्नपूर्णाला सांगितलं, "वहिनी, माणूस हातचा जाऊन राहिला. तुमी एकडाव चाला."

पुढच्या रविवारी केवलराम खदानीवर आला. मला खडकावर ठेवलं. डबा न पाहताच आत हात घातला, हाताला लागला तो ल्युअर बांधला आणि फेकला. या वेळी त्याने काही विचारलंही नाही.

आणि सूत ओढलं गेलं.

झटका नव्हता. कोणीतरी बोट धरून चालू लागावं तसं ते हळूहळू, थेट खोल पाण्याकडे निघालं. रीळ फिरू लागलं. हिरवं सूत संपत आलं, पांढरी पट्टी उघडी पडली आणि तळाची गाठ ताणली गेली. ती गौरवच्या हातची गाठ. केवलराम घाबरला. मासा जाईल म्हणून नाही, गाठ तुटेल म्हणून. गाठीवर ताण नको म्हणून त्याने ते सूत स्वतःच्या तळहाताला गुंडाळलं आणि सगळा जोर हातावर घेतला. आयुष्यभर तापलेलं लोखंड हाताळलेला माणूस, त्याला आपल्या तळहाताचा भरवसा होता. पण विणलेलं सूत हाताला गुंडाळायचं नसतं, मित्रांनो. ते मांसात उतरतं. रक्त पाण्यात ठिबकू लागलं. रॉड हातातून सुटून पडला आणि त्याच्या मागे फरफटू लागला.

"येतो बाबू," केवलराम म्हणाला. "ओढू नोको. येतो ना मी."

तो पायरीवर उतरला. गुडघाभर पाणी. त्याला पुढचा तळ ठाऊक होता आणि तरी तो चालत होता. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर गौरव गेल्यापासून पाहिला नव्हता. मला तो चेहरा आजही नको वाटतो.

तेवढ्यात वर स्कूटर थांबली. नरहरी ओरडला. अन्नपूर्णा पदर खोचून उतारावरून धावली, घसरली, उठली. खडकावर येताच तिला मी दिसले. कितीतरी दिवसांनी तिने मला हातात घेतलं, घट्ट धरलं. ती पाण्यात शिरली आणि त्याच्या दंडाला धरलं.

"सोड!" तो ओरडला. "गौरव हाये! माह्या हातात हाये तो!"

"गौरव मसणात गेला," ती म्हणाली. "मीच दूध पाजलं त्याले, मले सांगू नोका."

"कापजो नोको. तुह्या पाया पडतो, कापजो नोको."

तिने मला सुतावर टेकवलं. मी गज कापले आहेत, मोठमोठी हाडं फोडली आहेत. पण त्या सुताला मला जोर लावावाच लागला नाही. ते इतकं ताठ होतं की धार नुसती लागली आणि ते गेलं. एक बारीक आवाज झाला. टोक पाण्यावर वळवळलं आणि खाली गेलं. मागे फरफटत आलेला रॉडही पायरीवरून घसरून हळूहळू बुडाला.

केवलराम पायरीवरच बसला, कमरेएवढ्या पाण्यात, आणि लहान मुलासारखा रडू लागला. अन्नपूर्णा त्याच्याजवळ बसली. तळहाताला रुतलेले वेढे तिने एकेक करून सोडवले. त्यासाठी तिने मला वापरलं नाही, नखांनीच सोडवले.

"तुमच्यानं होत नव्हतं, म्हून मी कापलं," ती म्हणाली. "शिव्या मले द्या. जलमभर द्या. पण घरी चाला."

मग त्याने विचारलं, "कोणता होता तो? शेवटचा कोणता लावला होता मी? तू पाह्यला का?"

"नाही," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं पाहत होती."

खूप वेळाने केवलरामने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठला.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे. कधीकधी भाजी चिरताना पात्यात त्या सुताची बारीक थरथर येते, आणि अन्नपूर्णाही त्याच क्षणी थांबते. मग आम्ही दोघी पुढचं काम करतो. त्या खोल पाण्यात काय होतं, मला आजही माहीत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कापलेलं सूत काठावर टाकून येऊ नका, पाखरांच्या पायात अडकतं. सुरीला गंज चढू देऊ नका. आणि तुमच्या घरातलं कोणी रोज एकटंच कुठल्या पाण्याकाठी जाऊन बसत असेल, तर त्याला जेवणाचा डबा बांधून देऊन मोकळे होऊ नका. त्याच्यासोबत जा, आणि पाण्याकडे नाही, त्याच्याकडे पाहत बसा.