मामे अराबांच्या छातीतली माती

मामे अराबा चर्चकडे निघाल्या त्या डोक्यावर अंड्यांची पाटी असल्यासारख्या. पाटी नव्हतीच. होती ती छातीत धास्ती.

"हृदयातून निघते ना मामे, ती सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय. कडक झालीय ती," असं डॉक्टर क्वान्सा एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले होते. पुढेही बरंच बोलले, पण 'कडक' म्हटल्यावर मामेंचे कानच मिटले. फोटोतली ती पांढरी रेघ त्यांनी बरोबर ओळखली. बाजारात गोळे मिळतात ती पांढरी माती! पहिल्या गरोदरपणात डोहाळ्यांपायी चघळायला घेतली, ती नातवंडं झाली तरी सुटली नव्हती.

"इतकी वर्षं गिळलीस, आता आत भाजून मडकं झालं," नवरा म्हणाला, पापा क्वामेना.

"आणि तडकलं म्हणजे?"

"तुझ्या वरच्या सुराला तडकेलच. आपली कोंबडी अंडं द्यायची थांबली ती उगाच?"

तो थट्टेने बोलला, पण मामेंनी ठरवून टाकलं: यापुढे देवाचं नाव घ्यायचं ते पुटपुटून. किटलीतला खार लिंबाने सुटतो, म्हणून ऊठसूट लिंबू पिऊ लागल्या. दात आंबले, रेघ आपल्या जागी.

आता, आमच्या अनोमाबो गावात मामेंनी गप्प बसणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आमच्याकडे प्रवचन रंगलं की एखादी बाई मध्येच उठून पद उचलते, बाकीच्या ते झेलतात आणि प्रवचनकार दम खातो. ओसोफो एबो, आमचे पाद्री, देवमाणूस. पण प्रवचनात वाट चुकायचे. त्यांना हात धरून घरी आणायचं काम मामेंच्या पदाचं.

त्या रविवारी ओसोफो प्रवचनात बायबलातल्या मोशेबरोबर वाळवंटात शिरले आणि तिथेच राहिले. एकदा खडकाला वळसा, दोनदा वळसा. त्यांनी घाम पुसत मामेंकडे पाहिलं. मामे छतातली पाल पाहत होत्या. शेवटी मामेंच्या जागेवर कधीचा डोळा असलेल्या एफुवा मान्साने संधी साधून पद उचललं, ते इतकं उंच की दुसऱ्या ओळीला एकटीच वर राहिली, खाली उतरायला शिडी नाही. ती बसली. मोशे पुन्हा खडकापाशी. तान्ही पोरं रडू लागली, म्हातारे घोरू लागले.

मागच्या बाकावरून डॉक्टर क्वान्सा वाकत-वाकत आले. "मामे, गा ना! भुकेने जीव चाललाय."

"मडकं तडकेल!"

"कसलं मडकं?"

"मातीचं. छातीतलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, खाल्लेली माती तिथे जात नाही! वाईटच ती, सोडाच. पण ही रेघ वयाची आणि रक्तदाबाची. ती वाहिनी रबरी नळीसारखी हवी, ठोक्यागणिक फुगणारी. ताठली की हृदयाला जोर लावावा लागतो, वरचा दाब चढतो, आणि मूत्रपिंडातल्या, मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांना धक्के बसतात. म्हणून गोळी रोज घ्यायची. लिंबाने ते विरघळत नाही."

"आणि गाणं?"

"गाण्याला कोण नाही म्हणालं? तेव्हाही सांगितलं होतं!"

"मग मोठ्याने सांगायचं की, बाळा."

मामे उठल्या. पहिला शब्द जपून टाकला, तडा ऐकू येतो का पाहिलं, आणि मग जो सूर सोडला त्याने मोशे, ओसोफो आणि सगळी मंडळी एका दमात पलीकडच्या काठाला लागली. ओसोफो खुर्चीत कोसळले. "आमेन!" म्हणाले, अगदी मनापासून.

दाराशी डॉक्टरांनी पुन्हा गाठलं. "आणि तो खारवलेला मासा बंद. रस्स्यात मीठ कमी, रोज चालायचं, दाब तपासायला यायचं, शिवाय..."

प्रवचन लांबणार हे मामेंनी ओळखलं. त्यांनी तिथेच टाळी धरली:

"खारा मासा, बायांनो?"

"सोडला, प्रभू, सोडला!" बायका गर्जल्या. मान्सा सगळ्यात मोठ्याने, या खेपेला खालच्या पट्टीत.

"रोजची गोळी, बायांनो?"

"घेतली, प्रभू, घेतली!"

डॉक्टर हसत टाळ्या वाजवू लागले. फक्त पापा क्वामेना कोपऱ्यात उभा होता, घरी शिजत असलेल्या शेवटच्या खाऱ्या माशाच्या आठवणीने डोळे पुसत.