अकरा स्की-लिफ्टांपैकी चौथी

१९७९च्या उन्हाळ्यात दोह्यात समुद्राकाठच्या एका खासगी बागेत बसवलेल्या स्की-लिफ्टचा पोलादी दोर चार वेळा चाकांवरून उतरला. तारखा: २६ मे, १० जून, २४ जून आणि ९ जुलै. वेळ चारही खेपांना संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान. दोर तुटला नव्हता, खांब हलले नव्हते, वारा नव्हता. दर खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तपासणी झाली आणि दर खेपेला यंत्र निर्दोष आढळले.

"सायेब, सांधा पुन्ना मोजा," दोर सांधणारा धोंडीराम म्हणाला. "माझ्यासमोर मोजा."

१० जुलैची सकाळ होती. सदानंद उपळेकरांनी मोजपट्टीचा जबडा दोरावर बसवला. दोर वीस मिलिमीटरचा, सांध्यावर एकवीस भरत होता.

"बावीसपातुर चालतं. तुमच्याच बुकात हाय न्हवं?"

"आहे."

"मग?"

उपळेकरांनी मोजपट्टीचा जबडा मिटवला. आदल्या संध्याकाळी मालकांच्या घरात काम करणारी हजरा नावाची बाई खुर्चीसकट चार मीटरवरून खाली आली होती आणि तिचे मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. आधीच्या तीन खेपांना कोणी पडले नव्हते. आता पडले होते, त्यामुळे आता कारण लागणार होते.

बागेच्या मालकांनी युरोपच्या दौऱ्यात ही लिफ्ट पाहिली आणि जुनी, मोडीतली म्हणून विकत घेतली. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांना डोंगरावर चढवणारे हे यंत्र दोह्यात डोंगराच्या अभावी सपाट जमिनीवरून, बागेच्या फाटकापासून किनाऱ्यापर्यंत तीनशे मीटर, लोकांना हवा खायला नेत असे. खुर्ची एका माणसाची, लाकडी पट्ट्यांची, आणि तोंड पुढे नसून बाजूला. सोबत नकाशे आले नव्हते. उपळेकर पुण्याचे, यंत्रशास्त्राचे पदवीधर. लिफ्ट उभी करणाऱ्या कंपनीत अभियंता. धोंडीराम पाटण तालुक्यातला. एका धरणाच्या कामावर, खडी वाहणाऱ्या दोरमार्गावर तो दोर सांधायला शिकला होता. दोराच्या दोन्ही टोकांच्या सहा-सहा पेडी चोवीस मीटरपर्यंत उलगडायच्या, एकमेकींत विणायच्या, मधली तागाची वात काढून तिच्या जागी पेडीची शेपटे दडवायची. काम झाल्यावर सांधा कुठे आहे हे डोळ्याला कळता कामा नये. धोंडीरामचा सांधा हाताला कळायचा, तोही त्याच्याच.

उपळेकरांनी त्या दिवशीही सगळे तपासले: मोटार, चाके, खांबांची रेष आणि शेवटी किनाऱ्याच्या टोकाचे ताणवजन. दोर ताठ ठेवण्यासाठी तिथले मोठे चाक रुळांवर बसवलेले होते आणि चार टनांचा एक काँक्रीटचा ठोकळा खड्ड्यात लोंबकळत त्या चाकाला सतत मागे ओढत असे. ठोकळा तळाला किंवा भिंतींना टेकला तर ताण जातो. ठोकळा कुठेही टेकला नव्हता. खड्ड्याच्या भिंती ओल्या होत्या. जुलैत दोह्यात भिंती ओल्याच असतात. उपळेकरांनी वहीत लिहिले, 'हवा दमट.'

तेवढ्यात गाडीपाशी उभा असलेला ड्रायव्हर पोपटराव खिशातले छोटे पंचांग चाळत पुढे आला. तो आणि धोंडीराम नजमा वस्तीत एकाच खोलीत, आणखी सहा जणांबरोबर राहत.

"सायेब, रागावनार नसाल तर सांगतो. चारी बारीला आमुशा न्हाईतर पुनव पडलीया. ह्ये बगा. कालची पुनवच."

कॉलेजात असताना उपळेकरांनी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून भुताटकीविरुद्ध व्याख्याने दिली होती. विहिरीतल्या हडळीचे शास्त्रीय स्पष्टीकरण ते वीस मिनिटांत देत.

"पोपटराव, दोराला पंचांग वाचता येत नाही."

"न्हाई, म्या आपलं..."

"आणि वाचता आलं तर एकादशीला तो उपास धरील."

सगळे हसले. धोंडीरामसुद्धा थोडा हसला. वहीत फक्त निरीक्षणे लिहायची असा उपळेकरांचा नियम होता. पोपटरावाचे म्हणणे त्यांनी वहीत लिहिले नाही.

अहवालात त्यांनी लिहिले की इतर सर्व भाग निर्दोष असल्यामुळे, बहुधा जाड झालेला सांधा चाकावरून जाताना दोर उचलला जात असावा. टंकलेखन होऊन कागद परत आला तेव्हा त्यातला 'बहुधा' गेला होता आणि 'असावा'चे 'आहे' झाले होते. व्यवस्थापक म्हणाले, "उपळेकर, विमा कंपनीला 'बहुधा' समजत नाही. यल्ला, सही." एकेक शक्यता वगळत गेले की उरते ती खरी, हे उपळेकरांनी अनेकदा इतरांना शिकवले होते. आपण सर्व शक्यता मोजल्या आहेत का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी सही केली.

धोंडीरामला कामावरून काढले. गावी जायच्या आदल्या दिवशी तो बिन महमूद भागातल्या उपळेकरांच्या फ्लॅटवर आला. पेडी उचकटायचा पोलादी टोच्या कंपनीचा होता, तो परत द्यायला. उपळेकरांच्या पत्नी शैलजाबाईंनी चहा केला. तो दाराशीच उभा राहून प्याला.

"बसा ना, धोंडीराम."

"नगं वैनीसाब, कापडं मळकी हायत." मग उपळेकरांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, "सायेब, तुमी ल्हिवलं म्हंजे खरंच आसंल. पर माझ्या हाताला तसं वाटत न्हाई."

तो गेल्यावर शैलजाबाईंनी विचारले, "खरंच सांधा खराब होता का हो?"

"दुसरं काही सापडलं नाही."

"मी ते नाही विचारलं."

लिफ्ट बंद झाली आणि १९८१ साली भंगारात गेली. बागेत बकऱ्या चरू लागल्या. उपळेकर दुसऱ्या कंपनीत लागले. मात्र भंगारवाल्याने खांब कापण्यापूर्वी त्यांनी मोटारीवरची पाटी खरवडून हिरव्या रंगाखालची अक्षरे वाचली होती: क्रमांक ४, सन १९५१. कारखाना बंद पडलेला. त्यांनी त्या गावच्या टपाल कार्यालयाला पत्र घातले, तिथून एका निवृत्त कारागिराचा पत्ता मिळाला, त्याने कळवले की आडव्या खुर्च्यांच्या अशा लिफ्टा एकूण अकराच झाल्या.

या अकरा लिफ्टा उपळेकर पुढे तीन वर्षे शोधत राहिले. ज्याने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिले आहे अशा माणसाच्या बैठकीत आल्प्सचा नकाशा लागला. क्रमांक एक धरणाखाली बुडाली होती. क्रमांक दोनवरून आता गवळी दुधाच्या कॅन उतरवत. क्रमांक सहा एका मठाच्या टेकडीवर होती आणि खुर्चीत बसणाऱ्याला मठातले लोक अंगावर घ्यायला घोंगडी देत. क्रमांक नऊ दगडाच्या खाणीने विकत घेतली होती. प्रत्येक ठिकाणी उपळेकर इंग्रजीत पत्र लिहून एकच प्रश्न विचारत: तुमचा दोर कधी उतरला होता का? उत्तरे बहुधा जर्मनमध्ये येत. शैलजाबाई लग्नापूर्वी पुण्यात दोन वर्षे जर्मन शिकल्या होत्या. त्या भाषेचा संसारात आजवर काही उपयोग झाला नव्हता.

"लोकांच्या बायका शुक्रवारी सूक बाजारात जाऊन सोनं बघतात," डिक्शनरी उघडत त्या म्हणत. "मी गायींच्या पायवाटांबद्दलची पत्रं वाचते. हे काय लिहिलंय? 'घसरणारी'... नाही, 'हिमस्खलन.' खलास. क्रमांक आठ गाडली गेली."

"दोर उतरला होता का?"

"अहो, अख्खी लिफ्ट गाडली गेली."

"त्याआधी."

शैलजाबाई डिक्शनरी मिटत. त्यांना या छंदाचे मूळ ठाऊक होते. त्यांनी ते कधी उच्चारले नाही.

मार्च १९८४ मध्ये क्रमांक सातच्या चालकाचे पत्र आले. वय चौऱ्याहत्तर, लिफ्ट अजून चालू. शैलजाबाईंनी ते सावकाश वाचून दाखवले.

"'दोर एकदाच उतरला, १९५४च्या एप्रिलमध्ये. बर्फ वितळले आणि ताणवजनाचा खड्डा पाण्याने भरला. काँक्रीट पाण्यात हलके होते, हे मला शाळेत शिकवले होते, पण त्या दिवशी आठवले नाही. तेव्हापासून मी सकाळी आधी खड्ड्यात डोकावतो, मग कॉफी पितो. तुम्ही वाळवंटात राहता, तेव्हा पाण्याचा त्रास तुम्हाला नसेल.'"

उपळेकरांनी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. पाण्यात काँक्रीटचे पाचातले दोन भाग वजन जाते. चार टनांचे अडीचही उरणार नाहीत. खड्डा किनाऱ्यापासून चाळीस पावलांवर, प्रवाळी दगडात खणलेला, आतून गिलावा नसलेला. आणि समुद्राला मोठी भरती केव्हा येते, हे कोकणातले शेंबडे पोरही सांगेल.

"अमावास्या-पौर्णिमेला," ते मोठ्याने म्हणाले.

"काय?"

"पोपटरावाने सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

त्याच आठवड्यात ते नजमात गेले. पोपटराव खोलीबाहेर पायरीवर बसून डाळ निवडत होता. केस पिकले होते. उपळेकरांनी घाईघाईने, उभ्या उभ्याच सगळे सांगितले: खड्डा, पाणी, भरती. पोपटरावाने ताट बाजूला ठेवले.

"मंजी सांधा चांगला हुता?"

"खात्री करायची आहे. पण हो. मला धोंडीरामचा पत्ता द्या. मी त्याला आजच लिहितो."

"धोंडीराम गेला की, सायेब. माघात."

उपळेकर पायरीवर बसले.

"मला कळवलं नाहीत."

"तुमाला कशापायी कळवायचं?" पोपटराव साधेपणाने म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "गावाकडं गेल्यावर दोराला हात लावला न्हाई त्यानं. कारखान्यावर क्रेनच्या दोराचं काम निगालं हुतं, मुकादम घरी बोलवाया आला. हा न्हाई म्हनला. म्हनला, माझ्या सांध्यानं एक बाई पांगळी झाली. त्येची बायकू फुलाबाई लई समजवायची. ह्यो म्हनायचा, सायबांनी मोजून ल्हिवलंया, त्ये खोटं न्हाई ल्हीत."

रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. पोपटरावाने ताट पुन्हा मांडीवर घेतले.

"शेवटाला रोजंदारी करत हुता. बांधाची दगडं उचलायची. त्येलाच छातीत कळ आली."

खात्रीसाठी उपळेकरांनी २९ जूनचा दिवस निवडला. अमावास्या, शुक्रवारची सुटी आणि रमझानचा शेवटचा शुक्रवार. रस्ते ओस होते. पोपटराव गाडी घेऊन आला. बागेची भिंत पडली होती. खांब गेले होते; काँक्रीटला भंगारात भाव नसल्यामुळे ठोकळा तसाच खड्ड्याच्या तळाशी बसला होता. दुपारी दोन वाजता तळ ओला होता, पाणी नव्हते. उपळेकरांनी भिंतीवर खडूने रेघा ओढल्या आणि वही काढली.

तीन वाजता दगडाच्या भेगांतून पाणी झिरपू लागले. चार वाजता ते गुडघाभर झाले. आवाज काही नव्हता. दर पंधरा मिनिटांनी उपळेकर टेप सोडत आणि आकडा लिहीत. घामाने पानाची शाई फुटत होती.

"आता हसा की, सायेब," पोपटराव एकदा म्हणाला.

टेप पुन्हा खाली सोडून उपळेकरांनी पुढचा आकडा लिहिला.

पावणेसहाला पाणी तळापासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर पोचले आणि थांबले. १९७९ साली लोंबकळणाऱ्या ठोकळ्याची वरची कड किती उंचीवर होती, हे त्यांच्याच जुन्या वहीत त्यांच्याच अक्षरात होते: दोन मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते पुन्हा गेले. खड्डा रिकामा होता. भिंती ओल्या होत्या. आठवड्याने, अष्टमीला, ते संध्याकाळी तिसऱ्यांदा गेले. पाणी सत्तर सेंटिमीटरच्या वर आले नाही.

जुनी कंपनी मोडली होती. विमा कंपनीने कळवले की प्रकरण बंद आहे. हजरा कोणत्या देशात आहे, हे कोणाला सांगता आले नाही. तेव्हा उपळेकरांनी दुसरा अहवाल मराठीत लिहिला आणि त्यावर पत्ता घातला: फुलाबाई धोंडीराम, तालुका पाटण. फुलाबाईंना वाचता येत नसल्यामुळे शाळेतल्या गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी वर विनंती केली. शैलजाबाईंनी तो वाचला आणि एकच शब्द खोडायला सांगितला: 'बहुधा.' त्यांनी तो खोडला.

मजकूर असा होता:

'दोर उतरण्याचे कारण सापडले आहे. दोर ताठ ठेवणारे वजन ज्या खड्ड्यात होते, तो समुद्राजवळ होता. अमावास्या-पौर्णिमेच्या संध्याकाळी मोठी भरती येई, जमिनीखालून समुद्राचे पाणी खड्ड्यात भरे आणि वजन त्यात बुडे. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते. भरलेली घागर विहिरीत असेतो हलकी लागते, तसे. वजन हलके झाले की दोर सैल पडे आणि चाकावरून उतरे. सकाळपर्यंत पाणी ओसरून जाई. मी तपासणी सकाळीच करत होतो, म्हणून मला ते दिसले नाही. पोपटराव यांनी तिथी दाखवल्या होत्या. मी त्या ऐकून घेतल्या नाहीत. १९७९च्या अहवालात मी सांध्याला दोष दिला, तो चुकीचा आहे. धोंडीराम यांचा सांधा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पक्का होता. बाई पडली ती त्यांच्या हातून नव्हे.'

खाली सही आणि तारीख.