हेमालीताईंच्या प्रचाराचा माइक

थांबा, आधी माझा हिरवा दिवा लागू द्या. हं, आता येतोय आवाज? मी कॉलर माइक बोलतोय. आकाराने खारकेएवढा, पण माझी ऐट सभेच्या भोंग्याहून कमी समजू नका.

मला निकेतने अलिबागच्या दुकानातून आणलं. चौलच्या पुढे खाडीकाठी त्याचं गाव. आगरी बोलीत गमतीच्या रील करणारा म्हणून पंचक्रोशीतली पोरं त्याला ओळखत. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझं खरं बारसं त्याच्या टी-शर्टावरच झालं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपदाला हेमालीताई उभ्या राहिल्या. गावची तरणी पोरं पनवेल-उरणला कामाला. मतदानाला गावी येतील तर शपथ. ताई निकेतला म्हणाल्या, "पोरं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत ना? मग आपणच मोबाईलमध्ये शिरू."

निकेतला युक्ती सुचली. त्याची आजी जनी म्हणजे धवलारीण, लग्नात धवले गाणारी. धवल्यात देवांना, सोयऱ्यांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात. त्याच चालीवर आजीने एकेका पाड्याचं नाव घेत पोरांना मतदानाचं आवतण दिलं. मी तिच्या पदराला होतो. काय आवाज तो! मागे निकेतने डीजेचा ठेका टाकला आणि रील सुसाट सुटली. पोरं हळदीत त्यावर नाचू लागली. माझे तर पाय जमिनीवर नव्हते. म्हणजे तसे ते कधीच नसतात म्हणा.

पण घात झाला. रील आटोपशीर हवी म्हणून निकेतने शेवटची ओळ कापली, आणि नेमका तिच्यातच होता खालचा पाडा. आमच्याकडे लग्नाच्या आवतणात एक घर सुटलं, तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. खालच्या पाड्यातल्या प्रज्योतने रीलखाली लिहिलं, "बोलावना नाय, त मताला कनाला येऊ?" पाड्यातल्या सगळ्या पोरांनी त्याची री ओढली. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पाड्याशिवाय जिंकणं कठीण होतं.

"माफीची रील टाकतो," निकेत रडवेला होऊन म्हणाला.

जनीआजी कडाडली, "इसरलेल्या घराला मोबाईलवर बोलावतान का रं? दारान जावा लागतं!"

रविवारी पोरं गावी आली, तेव्हा ताई, आजी आणि निकेत अशी तिघं खालच्या पाड्यात गेली. आजी दारोदार उभी राहून, नावं घेऊन गायली. शेवटी प्रज्योतचं दार आलं. तो हाताची घडी घालून उभा.

"गाना चांगला हाय, आजी. पन उघाडीची फली मोडलेय, खारा पानी शेतान येतं. त्याचा गाना कोन गातं?"

उघाडी म्हणजे बांधातलं, खाडीचं पाणी अडवणारं दार. तिचं नाव आमच्या कुठल्याच रीलमध्ये नव्हतं.

मी तेव्हा ताईंच्या पदराला होतो. आता भाषण होणार म्हणून मी कान टवकारले. ताईंनी मला काढलं आणि प्रज्योतच्या कॉलरला लावलं.

"तू बोल. मी ऐकते. आणि निकेत, यातला एक शब्द कापायचा नाही."

प्रज्योत बोलला. आधी अडखळत, मग धडाधड. त्याच्या छातीचे ठोकेसुद्धा मला ऐकू येत होते. सगळा पाडा भोवती गोळा झाला. ती लांबलचक रील, ना ठेका ना चाल, धवल्याच्याही पुढे गेली.

मतदानाच्या दिवशी खालच्या पाड्यातली पोरं रजा टाकून आली. जनीआजी बोटाची शाई नव्या बांगडीसारखी मिरवत होती. ताई सरपंच झाल्या. उघाडीला नवी फळी बसली. त्या दिवशी प्रज्योत गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या कॉलरला मीच होतो. एवढा मान आमच्या जातीत कोणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

आता माझा चिमटा मोडलाय. आजीने तो दोऱ्याने बांधून दिलाय. मुक्काम पंचायतीच्या टेबलावर. ग्रामसभेला मी हातोहात फिरतो.

उद्याच्या पुढाऱ्यांनो, पोरांना गाठायला रील करा, गाणी करा, खुशाल नाचा. फक्त एवढं करा, आपलं बोलून झालं की मला काढून समोरच्याच्या कॉलरला लावा. माझी निवडणूक मी तिथेच जिंकलो.