तेवीस घरांच्या पांढऱ्या भिंती

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नात नवरा-नवरीला ताठ उभं करून फोटो काढणारा नव्हे, हलती चित्रं टिपणारा. माझ्या कुशीला एक चावी आहे. ती पिळून आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, भरली की मी अर्धं मिनिट घरघरतो, आणि तेवढ्यात समोर जे हललं ते माझ्या पोटातल्या फितीवर उमटतं. चांद्याला जटपुरा दरवाज्याच्या आत कय्यूमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कपाटात मी सध्या बसून असतो. शेजारी एक टवका उडालेली फुलदाणी आणि कुणीतरी न नेलेला लग्नाचा फोटो आहे. संगत वाईट नाही, दोघंही कमी बोलतात.

माझा जन्म परदेशातला. कारखान्यातून बाहेर पडून वर्ष झालं नाही तोच मी एका मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेलो. पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा तो मुलूख. बर्फ, वारा आणि पुन्हा बर्फ. दहा-बारा शास्त्रज्ञ लाकडी घरात राहून बर्फाची जाडी आणि वाऱ्याचा वेग मोजत. त्यांच्यावर माहितीपट करायला माझे पहिले मालक गेले होते. माझ्यातलं तेल गोठू नये म्हणून ते मला कोटाच्या आत पोटाशी धरून चालत. इतकी माया पुढे फारशी वाट्याला आली नाही.

तिथेच मला माणसांची एक खोड कळली. माणूस मनापासून काम करतो तेव्हा तो चित्रात चांगला दिसत नाही. पाठ वळलेली असते, नाक गळत असतं, उजेड भलत्या बाजूला असतो. मग मालक म्हणत, "पुन्हा एकदा करा."

एक शास्त्रज्ञ उंच उतारावर थंडी मोजायचं यंत्र लावून नुकताच खाली आला होता. मालक म्हणाले, पुन्हा एकदा वर जाऊन या, आता ऊन छान पडलंय. तो बिचारा गेला. परतेपर्यंत वारा सुटला. दोन दिवसांनी त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. चित्रपटात तो हसत उतरताना दिसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. बोटांची गोष्ट त्यात नव्हती.

पुढे मालकांनी मला विकलं आणि हातोहाती फिरत मी मुंबईतल्या एका जुन्या मालाच्या दुकानात आलो. तिथे कय्यूमभाईंनी मला पाहिलं. तिशी ओलांडलेला, बारीक, डोळ्यांत सुरमा घालणारा माणूस. बापापासून फोटोचा धंदा. त्यांनी चावी भरली, मला कानाशी धरलं आणि माझी घरघर ऐकून लहान मुलासारखे हसले. "चल यार, चांद्याले जाऊ," म्हणाले. मी त्या हसण्यावर भाळलो, हे कबूल करतो.

दोन वर्षं मी लाकडाच्या ठेकेदारांच्या घरची लग्नं टिपली. मग एकोणीसशे पंचावन्न साली कय्यूमभाईंना खरं काम मिळालं. एका सरकारी खात्याला हिवतापाशी लढणाऱ्या शास्त्रज्ञांवर माहितीपट हवा होता. "पडद्यावर नाव येईन," असं त्यांनी बेगमला, शकिलाला, इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, "आधी चित्र तं काढा, मग नाव पाहा."

आम्ही आलापल्लीच्या पुढच्या जंगलात तेवीस घरांच्या एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, पोचलो. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मागे नाला. दर आश्विन-कार्तिकात तिथे थंडीताप यायचा आणि घराघरातून कुणाला तरी घेऊन जायचा. त्या वर्षी नुकतीच सगळ्या घरांत डीडीटीची फवारणी झाली होती.

तिथले शास्त्रज्ञ म्हणजे गुणवंतराव. ब्रह्मपुरीकडचे, धोतरावर सदरा घालणारे, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की जेवण विसरणारे. अंटार्क्टिकातले लोक थंडी मोजायचे, हे डास मोजायचे. त्यांचा मदतनीस वारलू पहाटे घराघरात शिरून, भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीत तोंडाने हलकेच ओढून घ्यायचा.

"डासाले पाव्हन्यासारखं धरा लागते, भाऊ," तो कय्यूमभाईंना म्हणाला. "जोर केला तं मरते. मेला डास काई सांगत नाई."

फवारणीआधी एका घरात चाळीस डास सापडत. आता दोन, कधी एकही नाही. गुणवंतरावांनी सगळं गाव जमवून सांगितलं होतं, "डास चावते अन् भिंतीवर बसते. भिंतीवरची दवाई त्याच्या पायाले लागते अन् तो मरते. म्हनून थंडी येतवर भिंतीले हात लावाचा नाई. पोतारलं का दवाई मातीखाली गेली."

पोतारणं म्हणजे पांढऱ्या मातीच्या पाण्यात बोळा बुडवून भिंतीवर फिरवणं. तिकडे सण आला, पाहुणा आला की आधी भिंत पोतारतात. डाग पडलेल्या भिंतीच्या घरात पाहुणा बसवणं म्हणजे त्या घरच्या बाईची अब्रू गेली. आणि फवाऱ्याचे डाग तर कोड फुटल्यासारखे उठून दिसत.

गावातल्या बायकांना धाकात ठेवणारी होती बुधरी. दोन मुलगे तिने तापात गमावले होते. उरली होती एकच लेक, धुरपता. ती सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. कुणी बाई मातीची टोपली घेऊन निघाली की बुधरी तिच्या दारात जाऊन उभी राहायची. "माहे दोन गेले, तुहा एक तरी ठेव," एवढंच म्हणायची. बाई टोपली खाली ठेवायची.

आठ दिवस आमचं काम नीट चाललं. नवव्या दिवशी गुणवंतराव रक्ताचे नमुने घेतलेल्या काचा घेऊन चांद्याला निघाले. जाताना कय्यूमभाईंना म्हणाले, "दोन दिवसांत येतो. भिंतीकडे ध्यान ठेवजा."

"बेफिकर राहा, डाक्टर," कय्यूमभाई म्हणाले. आणि त्यांचा शब्द खरा होता, त्या क्षणापुरता.

त्यांना चित्रपटाचा शेवट हवा होता. तापातून वाचलेलं घर, आई आणि पोटुशी लेक, भिंतीशी टेकून बसलेल्या. घरात अंधार म्हणून वरचे कवेलू काढले, उजेड आत आला, आणि भिंत समोर आली. डागाळलेली, ओघळलेली. कय्यूमभाईंनी मला डोळा लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, एवढी एकच भिंत पोतारून देता का? बाकीच्या तीन राहू द्या तशाच."

बुधरी म्हणाली, "नाई. डाक्टरनं सांगतलं हाये."

"एका भिंतीनं काय होते? मुंबईचे लोक पाह्यतीन. म्हनतीन, चांद्याच्या बाया अशा घरात राह्यते का?"

बुधरी जागची हलली नाही. पण धुरपताला ते लागलं. एकोणीस वर्षांची पोर, आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिचं चित्र काढत होतं. ती आईशी गोंडीत काहीतरी बोलली. ती भाषा मला येत नाही, पण लेक आईचं मन वळवते तेव्हा सगळ्या भाषा सारख्याच ऐकू येतात. बुधरीने मान फिरवली. धुरपताने बोळा उचलला.

भिंत वाळून लख्ख दिसायला लागली. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "बुधरीच पोतारते, तं आमी काऊन नाई?" जिच्या धाकाने गाव थांबलं होतं तिचीच भिंत पांढरी झाल्यावर कोण कुणाचं ऐकतो? आपलंही घर चित्रात यावं असं प्रत्येकीला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवीसच्या तेवीस घरं आतून-बाहेरून पोतारून झाली.

कय्यूमभाई तेव्हा तरी थांबवू शकले असते. त्यांनी माझी चावी भरली. हारीने उभ्या बायका, वर-खाली जाणारे ओले हात, काळ्या भिंतीवर सरकत जाणारी पांढरी माती, आणि मध्ये मान वळवून हसणारी धुरपता. "पुन्हा एकदा हास, बाई," ते म्हणाले. ती हसली. खरं सांगतो, इतकं सुंदर चित्र मी त्याआधी टिपलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. बर्फातली तीन बोटं त्या वेळी मला आठवली नाहीत.

गुणवंतराव परतले. काचांची पेटी हातात तशीच धरून ते घरामागून घर बघत गेले. शेवटच्या घरापाशी ते खाली बसले. कय्यूमभाई म्हणाले, "डाक्टर, मी एकच भिंत म्हटली होती."

"गावात एकच भिंत नसते, कय्यूमभाई," ते म्हणाले. मग उठून त्यांनी पुन्हा फवारायला पावडर मागवली. जवळची संपली होती. नागपूरहून यायला तीन आठवडे लागणार होते. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. वारलूची नळी आठवड्यात परत भरायला लागली.

पुढचं मला वारलूकडून कळलं, तो स्टुडिओत येऊन सांगून गेला. पावडर पोचण्याआधी ताप आला. सहा माणसं गेली. धुरपताला सकाळी हुडहुडी भरली, संध्याकाळी ती आईला ओळखेना. गोळ्या घशाखाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्यासकट. कय्यूमभाई डोकं धरून बसले. शकिलाबीने आणलेला चहा निवून गेला.

त्यांनी खात्याला पत्र लिहिलं, पोतारण्याचं दृश्य काढून टाका. गुणवंतरावांनीही लिहिलं. उत्तर आलं, तेच दृश्य सर्वांत उत्कृष्ट आहे. चित्रपट मुंबईत पुरा झाला, त्यावर एका भरदार आवाजाचं निवेदन चढलं आणि गाडीतून तो गावोगाव फिरायला लागला.

उन्हाळ्यात गाडी त्याच टोल्यावर आली. कय्यूमभाई गेले, मला खांद्याला अडकवून. दिवेलागण झाली आणि दोन बांबूंमध्ये बांधलेल्या चादरीवर चित्र सुरू झालं. लोक आपली घरं ओळखून एकमेकांना दाखवत होते. निवेदनवाला सांगत होता, "फवारणी झाल्यावर गावातील भगिनी आपली घरे किती आनंदाने सजवीत आहेत पाहा." आणि धुरपता पडद्यावर आली. बोळा हातात, मान वळवलेली.

बुधरी उठली. चादरीपाशी गेली. तिची सावली लेकीवर पडली.

"धुरपते, हात नोको लावू," ती म्हणाली. मग मोठ्यांदा, "नोको लावू वो, बाई, नोको लावू!"

धुरपता हसली आणि तिने भिंतीवर हात फिरवला.

गाडीवाल्याने यंत्र बंद केलं. त्यानंतर वर्षभर माझी चावी कुणी भरली नाही. कय्यूमभाईंनी मला कपाटात ठेवलं आणि लग्नाचे साधे फोटो काढायला लागले.

एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पुढच्या साली वारलू पुन्हा आला. दाराशीच म्हणाला, "भाऊ, पलीकडच्या तीन गावांत फवारनी झाली, अन् आठव्या दिवशी बायांनी भिंती पोतारल्या. म्या इचारलं, काऊन? तं म्हनते, सरकारच्या फिलिममदी असंच दाखवलं." त्याच्यामागे पायरीवर बुधरी उभी होती. पहिल्यांदाच चांद्याला आलेली.

ती कय्यूमभाईंवर ओरडली नाही. तिने कपाटातल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "मले त्यात घाल. मी सांगतो लोकाईले."

कय्यूमभाईंनी कपाट उघडलं. उरलेली एक फीत त्यांनी माझ्यात घातली, चावी भरली आणि तिला उजेडात बसवलं. ती थेट माझ्याकडे बघून बोलली. अर्ध्या मिनिटाने माझी कमान संपली, ती बोलतच होती. कय्यूमभाईंनी पुन्हा चावी भरली, पुन्हा भरली. "पुन्हा एकदा" मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

फीत खात्याकडे गेली आणि परत आली. सोबत चिठ्ठी होती की यात आवाज नाही, बाई काय म्हणते ते कळत नाही. त्यांचं खरं होतं. माझ्या फितीला डोळा आहे, कान नाही; तिच्यावर नुसते ओठ हलतात. निवेदन चढवायला मुंबईचा भरदार आवाज लागतो, आणि त्या आवाजाला तिचे शब्द नको होते. सुंदर चित्र अजून गावोगाव फिरतंय. तिची फीत डब्यात बंद होऊन माझ्या खालच्या फळीवर पडली आहे.

माझी कमान आता ढिली झाली आहे, भिंगावर बुरशी चढते आहे. माझं काही मागणं नाही. पण फितीवर जे उमटलं नाही ते त्या दिवशी या खोलीत बोललं गेलं. गाडी तुमच्या गावात आली, चादरीवर ती पोर हसायला लागली, तर तिच्या आईचं एवढं ऐका:

"माही लेक भिंत पोतारून राह्यली अन् हासून राह्यली. तिचं हासनं पाहून तुमी पोतारू नोका, बाई हो. डागाची भिंत डागाचीच राहू द्या. घर वंगाळ दिसन तं दिसू द्या. लेक राहीन."