न चावणारे बूट

सुदर्शनला आजवर एकही बूट न चावता गेला नव्हता. महागडे चावले, साधे चावले, मेहुण्याने दिलेले तर पहिल्याच दिवशी चावले. त्यात काम घरगुती गॅसचे मीटर वाचायचं. दिवसभर कोथरूडच्या सोसायट्या पालथ्या घालायच्या, आणि मीटर ओट्याशेजारी, म्हणजे प्रत्येक दारात बूट काढा, पुन्हा घाला. कोथरूडात बूट घालून कुणाच्या ओट्यापर्यंत जाऊन दाखवावं कोणी!

गेल्या महिन्यात मात्र नशीब फळफळलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा एक नंबर लहान होतोय तुम्हाला." सुदर्शनला तसं वाटेना. मोठा घातला की पायात काही आहे असंच वाटत नव्हतं. हा कसा घट्ट बसला होता. त्याने तोच घेतला. आणि काय सांगावं, संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही! तळपायांची रात्रंदिवस होणारी आगसुद्धा थांबली. घरी आल्यावर तो लहान मुलासारखा खूश होता.

बायको, प्रियदर्शनी, खूश नव्हती. पाय शेकायला त्याने बादलीत पाय सोडले, तर तिचं बोटही त्या पाण्यात ठरेना.

"काऊन हो, चटका नाही लागला काय तुम्हाले?"

"कोमट तर आहे."

परवा भाजी आणायला गेला आणि एकाच चपलेवर घरी आला. दुसरी कुठे निसटली, त्याला पत्ताच नव्हता. प्रियदर्शनी हसली नाही. अमरावतीला तिच्या सासऱ्यांचा, हिंमतरावांचा, पाय साखरेपायी गुडघ्यापासून कापला होता, आणि तीच साखर सुदर्शनच्या रक्तात होती. डॉक्टरांनी रोज पाय बघायला बजावलं होतं. ती म्हणाली, "पाय दाखवून या ना एकदा." तो म्हणाला, "दुखत असते तर गेलो असतो." किती शहाणपणाचं वाटलं होतं त्याला ते!

आज दुपारी चौथ्या मजल्यावर सुशीलाबाईंचं दार. बूट काढले, आत गेला, आकडा टिपला, वळला.

सुशीलाबाई फरशीकडे बघत होत्या. "अहो, आमच्याकडे लक्ष्मीची पावलं दिवाळीत काढतात."

पांढऱ्या फरशीवर दारापासून ओट्यापर्यंत तांबडे ठसे होते. एकाच पायाचे. बाईंनी कुंकू सांडलं असावं, असं आधी त्याला वाटलं. मग त्याने उजवा पाय उचलला. काळा मोजा ओला होता, आणि त्यातून थेंब पडत होता. सुशीलाबाईंचा आवाज एकदम उतरला. "बसा हो, बसा आधी."

तो बसला नाही. भिंतीला धरून दाराबाहेर गेला. उजव्या बुटाच्या तळात रस्त्यावरचा एक खिळा रुतला होता, त्याचं गंजकं डोकं बाहेर दिसत होतं. केव्हापासून? सकाळी पहिल्या इमारतीजवळ बांधकाम ओलांडलं होतं. त्यानंतर किती जिने चढलो, ठसा उमटेपर्यंत काळ्या मोज्यात किती रक्त जिरत गेलं, ते त्याला आठवेना. वडिलांची रिकामी, वर खोचलेली पँट मात्र आठवली.

त्याने बुटात हात घातला. टोक बोटाला लागलं तसा तो "आई गं!" म्हणून ओरडला आणि हात झटकन मागे आला.

मग त्याने तेच बोट तळपायाच्या जखमेवर ठेवलं आणि जोर लावून दाबलं. पुन्हा दाबलं. बोट ठणकत होतं, पायाला काहीच कळत नव्हतं.