वरून गेलेली लाइन

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या स्वॅन नॅरोज गावाचं वीजघर मी एकोणीस वर्षं चालवतोय. वीजघर म्हणजे पत्र्याची शेड आणि आत डिझेलची तीन इंजिनं. गावात कपडे वाळत घातले की त्यांच्यावर आमची काजळी बसते.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं दक्षिणेकडून उंच मनोऱ्यांवरून नवी लाइन आणली. ती आमच्या छपरांवरून जाते आणि चाळीस किलोमीटर पुढे निकेलच्या खाणीत उतरते. तिची वीज गावात उतरवणारं सबस्टेशन दुसऱ्या टप्प्यात होणार म्हणे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लाइनच्या उद्घाटनाला मंत्री आले. कार्यक्रम आमच्याच हॉलमध्ये ठेवला, कारण फोटोत आम्ही हवे होतो. माझी बहीण व्हर्ना आणि तिच्या मैत्रिणींनी सकाळपासून मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, मटणाची दोन मोठी पातेली शिजवली.

संध्याकाळी भाषणाआधी मंत्र्यांची मदतनीस मेरेडिथ शेडवर आली. कानांवर हात होते.

"हे वीस मिनिटं बंद ठेवता येईल का? भाषण रेकॉर्ड करायचंय आणि फार घरघर येतेय."

"मॅडम, हे बंद केलं तर सगळंच बंद होतं."

"पण आता लाइन आलीये ना?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला समजावून सांगता आलं असतं, पण खरं सांगतो, मला इच्छाच झाली नाही. नर्सला फोन करून दवाखाना बॅटरीवर घ्यायला लावला आणि इंजिनं बंद केली.

हॉलमध्ये पोचलो तर काळोख, नुसते फोनचे उजेड. माइक मुका, हीटर गार. बाहेर उणे चौतीस.

"बटण दाबायचं राहिलं वाटतं," मंत्री हसत म्हणाले.

पहिल्या रांगेत एबल काका बसले होते. वय एक्क्याऐंशी. ते शांतपणे म्हणाले, "बटणच नाही, साहेब. तुमची लाइन वरून जाते. इथे उतरत नाही."

मंत्र्यांनी सचिवाकडे पाहिलं. "दुसऱ्या टप्प्यात आहे, सर," सचिव पुटपुटला. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं.

मग कार्यक्रमाला आलेल्या खाणीच्या माणसांनी ट्रकमधला छोटा जनरेटर दाराशी आणून लावला. वायरीसाठी दार अर्धं उघडं राहिलं, त्यातून धूर आणि थंडी दोन्ही आत. म्हातारी माणसं खोकायला लागली. त्या धुरात उभं राहून मंत्र्यांनी वाचलं, "आज या गावात स्वच्छ वीज आली आहे." लिहून आणलेल्यातला एकही शब्द बदलला नाही. मी गावाचा तुंबलेला मैलापंप हातानं साफ केलेला माणूस आहे. तेव्हाही मला इतकी शिसारी आली नव्हती.

"चला गं, पातेली उचला," व्हर्ना म्हणाली.

"अगं, आणि पाहुणे?" एका मैत्रिणीनं विचारलं.

"त्यांची वीज वरून जाते ना? जेवणही वरूनच येईल."

भाषण अर्ध्यावर असतानाच बायका मागच्या दारानं निघाल्या, त्यांच्यामागून सगळं गाव. मी शेडवर जाऊन इंजिनं चालू केली. वीस मिनिटं झाली की नाही ते पाहिलं नाही. मग व्हर्नाच्या घरी दाटीवाटीनं बसून जेवलो. एबल काकांनी वाटी पुढ्यात घेतली.

"नालायक माणसं मी खूप पाहिली रे," ते म्हणाले. "पण याला आपण दिसतच नव्हतो."

मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यांवरच्या बर्फाच्या रस्त्यानं नेहमीसारखे डिझेलचे टँकर आले. त्याच आठवड्यात सरकारनं भाषणाचा व्हिडिओ टाकला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट आहे. तेव्हा हॉलमध्ये आमच्यातलं कुणीही नव्हतं.

व्हर्नानं अर्धाच पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला. "ने हे," ती म्हणाली आणि दोरीवरचे काजळी बसलेले कपडे काढायला गेली.