आईला कोण सांगणार?

सासूबाई राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की या घरात नवरा-बायकोची अंथरुणं वेगवेगळ्या खोल्यांत पडतात. मुलगा बाहेर लोखंडी खाटेवर, सून आत पलंगावर. त्यांनी चहाचा कप बशीत जरा जास्तच जोरात ठेवला, एवढंच.

मुलगा रुग्णवाहिका चालवायचा. आवाज असा दणदणीत, की मित्रांनी त्याला ‘भोंगा’च नाव पाडलं होतं. मग शहरात तो ताप आला. आधी साधा वाटायचा, अंग मोडून यायचं, आणि मग हिरड्यांतून, नाकातून, पोटातून रक्त वाहू लागायचं. हा विषाणू वाऱ्यावर येत नव्हता. आजाऱ्याच्या रक्ताशी, उलटीशी, घामाशी संबंध आला की गाठायचा. भोंग्याने एका म्हाताऱ्या बाईला उचलून जिन्यावरून खाली आणलं. वाटेत ती त्याच्या गळ्यावर ओकली. पुढच्याच आठवड्यात तो स्वतःच्या गाडीत मागे आडवा होता.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. विलगीकरण कक्षाच्या जाड काचेतून ती रोज त्याला बघायची. लग्नाआधीपासून तिचे हात काचेतच होते, पण एखाद्या काचेचा एवढा राग तिला कधी आला नव्हता. आत तो कधी ओळख दाखवायचा, कधी नाही. शेजारच्या दोन खाटा तिच्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या. त्याची झाली नाही. एके सकाळी त्याने तिच्याकडे बघून भुवई उडवली, आणि ती तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं आणि दार लोटलं.

“रक्त साफ आहे. एका ताटात जेवा, मिठ्या मारा, काही भीती नाही. पण एक गोष्ट नीट ऐका. पुरुषाच्या वीर्यात हा विषाणू कित्येक महिने दडून बसू शकतो. माणूस ठणठणीत दिसतो, पण बायकोला लागण होऊ शकते. आपण दर महिन्याला तपासू. लागोपाठ दोन तपासण्या साफ आल्या, की तुम्ही मोकळे. तोवर निरोध वापरा, नाहीतर लांब राहा.”

निरोधाचं पाकीट घरी आलं आणि कपाटात पडलं. भोंगा म्हणाला, “एवढासाही धोका नको. तू त्या काचेपलीकडे आणि मी अलीकडे, हे मला झेपायचं नाही.” तिचंही तेच म्हणणं होतं. आणि जवळ निजलं की शहाणपण टिकत नाही, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती खाट.

पहिल्या तपासणीत विषाणू सापडला. दुसरीतही. आणि तेवढ्यात आई आली.

“आईला सांगायला हवं,” बायको म्हणाली.

“कोण सांगणार?”

“तू. तुझी आई आहे.”

“म्हणूनच तर! तिच्यासमोर मी अजून मोठ्याने जांभईसुद्धा देत नाही. हे काय म्हणून सांगू? तूही सांगू नकोस हं, शपथ आहे.”

आईंनी मात्र आपल्या परीने निदान करून टाकलं होतं. सुनेला मुलाची किळस येते. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला ही जवळ येऊ देत नाही. मग त्यांनी उपचार सुरू केले. एके दुपारी दोघं कामावर असताना त्यांनी ती खाट भंगारवाल्याला देऊन टाकली. “ढेकूण झाले होते,” म्हणाल्या. लोखंडाच्या खाटेत, जिच्यावर गादीही नवी होती! भोंगा जमिनीवर झोपू लागला; पाठीला बरं असतं म्हणाला. मग स्वयंपाकघरात निजणाऱ्या आईंना तिथल्या वाऱ्याने सर्दी झाली, आणि त्यांनी बाहेरच्या खोलीवर हक्क सांगितला. “तुम्ही दोघं आत जा.” दोघं गेली. सकाळी त्या टॉवेल शोधायच्या निमित्ताने आत डोकावल्या, तर मुलगा कपाट आणि दार यांच्यामधल्या बोळकांडीत दुमडून पडलेला, आणि सून पलंगावर भिंतीकडे तोंड करून.

त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांचा बांध फुटला.

“शेजारीण त्याला बघून जिन्यात अंग चोरते, ते मी समजू शकते. तिचा तो कोण लागतो? पण तू? तूच त्याला वाळीत टाकलंस तर त्याने बघायचं कुणाकडे?”

सून ओट्याकडे बघत राहिली. शपथ नसती तर तिने तिथल्या तिथे सगळं ओकून टाकलं असतं. “तसं नाहीये, आई,” एवढंच म्हणाली आणि डबा न घेताच कामाला गेली. दुकानात तिच्या हातून एका गिऱ्हाइकाची काच तडकली. ती दुपारभर स्वतःवरच चरफडत राहिली.

रविवारी तिचा थोरला भाऊ दारात उभा. आईंनीच बोलावलं होतं. त्याने खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि संसार म्हणजे कसं दोन चाकांचं वाहन असतं, ते सांगायला सुरुवात केली. एक चाक पंक्चर झालं तर दुसऱ्याने काय करावं, इथपर्यंत पोचल्यावर त्याचं त्यालाच पुढचं सुचेना.

“हे बघ,” तो शेवटी बहिणीला म्हणाला, “तुला इथे राहणं अवघड वाटत असेल, तर आपलं घर आहे. पण असं अर्धवट वागू नकोस. जावईबापूंनी काय पाप केलंय?”

तिने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप मांडीवर पडलं. भोंग्याने ते बघितलं आणि उठून उभाच राहिला.

“पुरे. तिला कुणी काही बोलायचं नाही. ती मला लांब ठेवत नाही. आम्ही दोघं लांब राहतोय. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“का? तू तर बरा झालास ना?” आई म्हणाल्या.

“झालो. रक्तातून गेला तो विषाणू. पण अजून एका... म्हणजे एका ठिकाणी...”

“कुठे?”

त्याचे कान लाल झाले. भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या भिंतीत अचानक त्याला फार रस वाटू लागला.

“कुठे रे? फुप्फुसात?” आईंचा आवाज कापरा झाला.

“वीर्यात, आई,” सून म्हणाली. आवाज तिच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. “त्याच्या जिवाला धोका नाही. पण माझ्या अंगात येऊ शकतो. लागोपाठ दोन तपासण्या साफ यायला हव्यात. तोवर आम्ही वेगळे निजतोय.”

आई एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या.

“म्हणजे भांडण नाही?”

“नाही.”

“तुला तो नकोसा झालेला नाही?”

“आई, मी त्याच्यासाठी रोज त्या काचेला नाक लावून उभी होते.”

आईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. रडतायत म्हणून सून घाईने जवळ गेली, तर त्या रडतही होत्या आणि हसतही होत्या.

“अरे गाढवा,” त्या मुलाला म्हणाल्या, “एवढ्यासाठी लाजत होतास? मी तुला काय पोस्टाने मागवला होता?”

भावाच्या तोंडातला चहा नाकात गेला.

मग आईंनी सुनेचा हात हातात घेतला. “माझं चुकलं, बाळ. फार बोलले तुला.” सून म्हणाली, “मी तुमच्या जागी असते तर खाटेआधी सूनच भंगारात दिली असती.”

त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. आईंनी स्वतःच्या पैशांनी नवी खाट आणली आणि पहाऱ्यावर बसल्या. दोघं सोफ्यावर जरा सरकून बसली की आतून खोकला ऐकू यायचा. “हात धरायला परवानगी आहे, आई!” भोंगा ओरडायचा. “हातच धर मग,” आतून उत्तर यायचं.

पुढची तपासणी साफ आली. आनंद झाला, पण तो उघड दाखवायला कुणी धजलं नाही. एकदा साफ आल्यावर पुन्हा सापडल्याची उदाहरणं डॉक्टरीणबाईंनीच सांगितली होती. तो महिना सगळ्यांत लांब वाटला. तिघंही उगाच एकमेकांशी फार गोड बोलत होते.

निकालाच्या दिवशी आईही दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई कागद वाचत असताना त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग बाईंनी चष्मा काढला.

“साफ. लागोपाठ दुसरी. सुटलात.”

जवळ जे होतं त्यावर सून मटकन बसली. ते वजनाचं यंत्र होतं. काटा गर्रकन फिरला. भोंगा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नुसता तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवत राहिला.

“नीट तपासलंय ना, बाई?” आईंनी विचारलं. “नळ्यांची अदलाबदल वगैरे नाही ना?”

“नाही हो, आजी. नक्की.”

“बरं. मग मी इथूनच माझ्या बहिणीकडे जाते.” पिशवी त्यांनी घरूनच भरून आणली होती. मुलगा ‘अगं पण’ म्हणेपर्यंत त्या दारातून बाहेर पडल्यासुद्धा.

दोघं घरी आली. दार लावलं. एवढ्या महिन्यांत काय काय बोलायचं, काय काय करायचं ठरवलं होतं. पण पलंगावर शेजारी शेजारी टेकली मात्र, आणि कितीतरी दिवसांचा ताण अंगातून एकदम उतरला. त्याच्या पायांत बूट तसेच, तिच्या खांद्याला पर्स तशीच. दोघांनाही गाढ झोप लागली.

फोन वाजला तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती. तिने डोळे न उघडताच तो कानाला लावला.

“जेवलात का गं दोघं?” आई.

“नाही, आई. आल्यापासून झोपलोच होतो...”

“असू दे, असू दे,” आई घाईघाईने म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

“अहो, खरंच झोपलो होतो!” ती बंद फोनला सांगत राहिली, आणि शेजारी तो उशीत तोंड खुपसून हसत राहिला.